बिनस्टँडची करवत

अहमदपूरच्या आमच्या नामदेव सुताराचं "उद्या" ऐकून ऐकून माझं टाळकं सटकलं. म्हटलं, खड्ड्यात गेला हा, मी घरीच सुतारकाम शिकतो!

टेबल सॉ, म्हणजे फळ्या कापायची विजेची करवत, घ्यायला नांदेड गाठलं. दुकानदार म्हणला, "नवशिके हाव ना, सर? मग स्टँडवाली घ्या." मी शहाणा, सगळ्यात स्वस्तातली बिनस्टँडची उचलली. घरी फरशीवर ठेवली, तर फळी कापायला पालथं पडावं लागायलं! शेवटी झक मारून स्टँड करायला नामदेवकडंच गेलो.

"माप घ्यावं लागंल," तो म्हणला. "मशीन राहू द्या इथंच."

महिन्यानं विचारलं, "झालं का रे स्टँड?"

माझीच करवत बंद करून तो म्हणला, "उद्या नक्की, सर. तुमची मशीन आल्यापासनं लई कामं यायलेत."