दोरीपल्याडचा टँकर

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाल्याचं कौतुक मला सांगूच नका. नोकरीमुळं बरीच वर्षं बाहेर काढून मी आमच्या गावी, मुरुडला आलो, तर लोक राजधानी मिळाल्यासारखे बोलत होते. गावात प्यायला पाणी नव्हतं. म्हणून टँकरचा अर्ज घेऊन आत्या आणि मी लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीला निघालो.

लातुरात शिरतो तर चौकात दोरी! मंत्री दुष्काळ बघायला येणार, म्हणून रस्ता बंद. आणि दोरीपल्याड एक टँकर रस्त्यावर पाणी शिंपडत चाललेला.

आत्यानं हवालदाराला विचारलं, "दादा, हे काय करायलेत?"

"धूळ बसवायलेत, मावशी. साहेबांच्या डोळ्यांत जाईल."

"मग आमच्या गावाला बी पाठवा की. तिथं लई धूळ हाय."

"त्याला अर्ज करावा लागतो."

"अर्जच घेऊन आलेय. आत सोडा."

"आज न्हाई. बंदोबस्त हाय."

परतीच्या एसटीत मी चिडून म्हणालो, "आत्या, जिल्हा होऊन बदललं काय?"

"असं कसं? लई बदललं. आदी नुसतं 'न्हाई' ऐकायला उस्मानाबादेला जावं लागायचं. आता ते लातुरातच मिळतंय."