दगड काकांचा, जागा माझी

थांबा मिस्त्री, ती छिन्नी आधी खाली ठेवा — हो, काकांनीच सांगितलंय तुम्हाला, माहितेय मला, आजीच्या कबरीवर तिच्या नावाखाली त्यांचं नाव कोरायचं, आत्ताच, जिवंतपणी, म्हणजे उद्या कोणी मधे यायला नको. दगड त्यांनी आणला, खरंय. काळाभोर, गुळगुळीत, समोर उभं राहून भांग पाडावा असा. पण वर दगड उभा केला म्हणून खालची जागा त्यांची होते? मग मी तुमच्या दुकानात खुर्ची टाकून बसले तर दुकान माझं? हसताय काय — एवढं साधं काकांना कळत नाही, आणि त्यांना सांगणार कोण? बाबा? बाबा धाकट्या भावासमोर नुसती मान हलवतात.

जागा आत्याची. लोकांचे कपडे शिवून शिवून घेतली तिने, स्वतःच्या नावावर, आजी आजारी पडली तेव्हा. दोन कबरींची जागा. एकीत आजी, शेजारी आपण, संपला विषय. आजी गेली, मग हा दगड आला, आणि दगडामागून काकांचं बोलणं — आईशेजारी मुलगाच शोभतो म्हणे. आणि आत्याने कुठे जायचं? "एकटीला काय, कुठलीही जागा चालते." जेवता जेवता म्हणाले हो, पाण्यासाठी पेला पुढे करत. आणि पेला भरला कोणी? आत्यानेच!

दुसऱ्याच दिवशी तिला रिक्षात घालून इथल्या कचेरीत आणली. तिथले साहेब म्हणाले, जमीन कुणाचीच नसते, पुरण्याचा हक्क तेवढा असतो, आणि तो ज्याच्या नावावर त्याच्या सहीशिवाय इथे कुदळ पडत नाही. म्हटलं, ती गेल्यावर? गेल्यावर वारसांची सही. नवरा नाही, मूल नाही — वारस दोघे भाऊ, त्यातले बाबा मान हलवणारच. म्हणजे गंमत बघा, स्वतःच घेतलेल्या जागेत आडवं व्हायला तिला काकांची परवानगी लागणार! तिथल्या तिथे हक्क माझ्या नावावर करून घेतला. आता मालकीण मी. कुदळ पडायची ती मी सांगेन तेव्हा, नाव कोरायचं ते मी सांगेन ते.

आत्या? ती कशाला काय म्हणेल, खूश आहे ती. असणारच ना — असं बघू नका हो. बरं, नाहीये खूश. सकाळी गोळ्या देत होते तर म्हणाली, "देऊन टाक गं त्याला. आईचा लाडका होता तो. मला काय, कडेला कुठेतरी." कडेला कुठेतरी! जन्म गेला कडेला. खाट जिन्याखाली, फोटोत सगळ्यांच्या मागे, आता मातीतही कडेला? ओरडले मी तिच्यावर. धड उठून बसता येत नाही तिला, आणि मी ओरडले — जागा माझी आहे, तुझा संबंध नाही, तू मधे बोलू नकोस. गप्प झाली. काकांसमोर होते ना, तशीच गप्प... तर झाली. होऊ दे. तिला विचारत बसलं तर ती तेवढंही देऊन टाकेल.

तेव्हा हा दगड उपटा आणि काकांच्या दारात नेऊन टेकवा, भांग पाडू देत. तुमच्या दुकानामागे तो साधा, खडबडीत पालथा पडलाय ना, तो लावा इथे. आजीचं नाव, शेजारी आत्याचं, दोन्ही सारख्याच अक्षरांत. अमक्याची मुलगी, तमक्याची बहीण असलं काही नको. हो, जिवंत आहे ती — काकांचं नाव कोरायला निघालात तेव्हा नाही अडलं तुमचं? नावाखाली जन्मसाल टाका, आणि पुढे रेघ मारून दुसऱ्या सालासाठी तुम्ही जागा सोडता, ती —

ती नका सोडू. नंतर अडचण होईल तर होऊ दे. नको म्हटलं ना. उचला ती छिन्नी.