सासूबाईंची शिवी

शिवी खाऊन माणूस खूश झालेला पाहिलाय कधी? मग माझं ऐका.

मी तळा गावचा, सासुरवाडी रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली. लग्नाला सहा वर्षं झाली. सासूबाई घरात सगळ्यांशी कोळी बोलीत बोलायच्या आणि माझ्याकडे वळल्या की एकदम, "जावईबापू, आपण जेवून घ्या."

मी म्हणायचो, "आई, माझ्याशीही तुमच्या बोलीत बोला ना. माझी पोरगी ती बोली बोलते आणि मला तिचं निम्मं कळत नाही."

"छे छे, आपण जावई!"

दिवाळीनंतर गेलो तेव्हा अंगणात बोंबील वाळत होते. मला राखणीला बसवलं. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि मांजरानं डाव साधला. सासूबाई आतून धावत आल्या.

"आरं मेल्या, डोले फुटले का तुजे? मांजरानं बोंबील नेले न तू बगत बसलास!"

मग बायको हसत सुटली, मेहुण्यानं पाठ थोपटली आणि दुपारी पापलेटचा मोठा तुकडा माझ्याच ताटात पडला. मला काही उमगेना.

"अगं, बोंबील माझ्यामुळे गेले ना?" मी बायकोला विचारलं.

ती म्हणाली, "आई परक्या माणसाला घरच्या बोलीत ओरडत नाही."

त्यानंतर मी रोज फोनवर आनंदानं 'मेल्या' ऐकत होतो. काल मात्र सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आपण कसे आहात?"

कालपासून डोकं खाजवतोय. आता माझं काय चुकलं?