अर्ध्या कडव्यावर मिटलेली मूठ

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या मंडळीतल्या सर्वांत ज्येष्ठ मदर इडेला रॉब्सन, आदरणीय पाळक रेव्हरंड क्लेटन हार्डी, डीकन मंडळाचे सर्व सभासद, क्लीव्हलँडहून आणि शेजारच्या मंडळ्यांतून आवर्जून आलेले पाहुणे, सकाळपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनी, आणि एक्केचाळीस वर्षं माझा ओरडा खाल्लेला माझा गाणारा क्वायर, तुम्हां सर्वांना प्रभूच्या नावानं सलाम.

दीड तास तुम्ही माझ्याबद्दल चांगलं बोलत आहात. डीकन हॅल्सी प्रत्येक वाक्याला 'आमेन' म्हणत होते. रिहर्सलला ते इतके वेळेवर कधी आले असते, तर आज पुरुषांची, टेनरची रांग वेगळीच दिसली असती. हसा, हसा. मलाही बरं वाटतं. पुढे फार हसवणं मला जमणार नाही, म्हणून आधीच हसून घ्या.

रेव्हरंड, तुम्ही आत्ता म्हणालात की देवानं या मंडळीला दिलेला एकही आवाज सिस्टर गॅडिसनं वाया जाऊ दिला नाही. वाक्य सुंदर होतं. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण तुम्ही अॅक्रनला येऊन सात वर्षं झाली, आणि मी सांगणार आहे ते त्याच्या आधीचं आहे. ते वाक्य तसंच राहू देऊन मी घरी जावं, हे मला पटत नाही. सत्काराला उत्तर द्यायचं असतं ना? मग हेच माझं उत्तर.

तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्यांना आर्नेटा प्रुइट आठवत असेल. खालच्या पट्टीत, अल्टोत गाणाऱ्या आपल्या सिस्टर युनिस प्रुइट यांची एकुलती एक मुलगी. १९५३ साली नऊ वर्षांची आर्नेटा माझ्या हाताखाली आली. आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला, वडील नाहीत. शनिवारी पोर माझ्याकडे सोपवून युनिस कामावर जायची. मी त्या पोरीला याच हॉलच्या फरशीवर उताणी झोपवून श्वास घ्यायला शिकवला. आवाज काही फार मोठा नव्हता. मोठे आवाज मी पुष्कळ ऐकलेत. बाकीची मुलं सुरामागं धावायची, ही सुराला आपल्याकडे येऊ द्यायची. तिसऱ्या ओळीआधी ती इतकी थांबायची, की ऑर्गनवरचे ब्रदर टिब्ज घाबरून माझ्याकडे बघायचे. मग ती ओळ यायची, आणि पुढच्या बाकांवरच्या भान हरपलेल्या बायकांना धरायला सेविका धावायच्या.

माझी मुलगी म्हणून सांगत नाही, मला मूल नाही. पण दुसऱ्याच्या मुलीवर माणसाचा जितका जीव जडू शकतो, तितका माझा तिच्यावर होता. तो जडला नसता तर पुढचं कदाचित घडलं नसतं.

१९६३च्या मार्चमध्ये जिल्ह्याच्या क्वायर संमेलनात डेट्रॉइटच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला होता. त्यानं तिला कार्ड दिलं. ती ते घेऊन आधी माझ्याकडे आली. आईकडे नंतर गेली, हे मला त्या वेळी अभिमानाचं वाटलं होतं.

ती म्हणाली, "मिस हॉर्टेन्स, सगळं तेच आहे. श्वास तोच, थांबायचं तिथंच. फक्त 'प्रभू' म्हणतो तिथं 'प्रिया' म्हणायचं."

मी म्हटलं, "फक्त?"

ती म्हणाली, "आईला आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी धुवायला लागू नयेत, एवढंच मला हवंय. देवाला राग येईल का त्याचा?"

रेव्हरंड, मंडळी, काय उत्तर द्याल तुम्ही? मी दिलेलं उत्तर असं होतं: "देवाचं मला माहीत नाही. पण त्या कंपनीच्या दारात पाय ठेवलास, तर या क्वायरच्या पायरीवर पुन्हा ठेवायचा नाही."

त्या काळी असं बोलणारी मी एकटी नव्हते, हे खरं आहे. त्या वेळचे पाळक तर माझ्यापेक्षा कडक होते, ते आता प्रभूपाशी आहेत. पण त्यांनी हा निर्णय माझ्यावर सोडला होता, तेव्हा त्यांच्या मागं लपण्यात अर्थ नाही. आणि आज खरं सांगायचंच तर पुरतं सांगते. त्या दिवशी माझ्या डोक्यात देव कमी होता. ईस्टरचा कार्यक्रम पाच आठवड्यांवर आला होता आणि तिच्याशिवाय एकट्यानं गाणारं माझ्याकडे कुणी नव्हतं.

तिनं क्वायरचा झगा इस्त्री करून, घडी घालून, खुर्चीवर ठेवला आणि ती गेली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं गाणं रेडिओवर आलं. मी वाण्याच्या दुकानात वाटाण्याचे डबे बघत उभी होते. गाणं सुरू झालं, आणि तिसऱ्या ओळीआधी ती थांबली. दुकानातल्या कुणालाही कळलं नसेल, पण तो थांबा या हॉलमधला होता. मी टोपली तिथंच ठेवून बाहेर आले. राग आला होता का? आला होता. आनंद झाला होता का? तोही झाला होता, आणि त्याचा आणखी राग आला होता. आमच्या क्वायरमधल्या मुली कपडे बदलताना ते गाणं गुणगुणायच्या आणि मी आत आले की गप्प व्हायच्या. युनिसला मी कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. रविवारी ती अल्टोच्या रांगेत यायची, गायची, घरी जायची.

दोन गाणी चांगली चालली, असं म्हणतात. तिसरं चाललं नाही. मग कंपनीनं तिच्यापेक्षा लहान मुलगी आणली.

१९६८च्या ऑक्टोबरमधला एक साधा रविवार. आमचा क्वायर आत येऊन बसला होता आणि प्रार्थना चालू होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. उघडे ठेवणारी मी एकटीच, कारण टेनर झोपलेत का हे मला बघावं लागायचं. दार हळूच उघडलं. राखाडी कोट, डोक्यावर रुमाल. माडीखालच्या शेवटच्या बाकावर ती टेकली. मी तिला खांद्यांवरून ओळखलं.

त्या दिवशीचं गाणं लॉटी सिम्सकडे होतं आणि लॉटीला सर्दी झाली होती. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज फुटला. पाहुण्यांनाही ठाऊक असेल, आपल्यात अशा वेळी ज्याला जमेल तो बसल्या जागेवरून ओळ उचलतो. त्याला परवानगी लागत नाही. ते आपलं फार जुनं औदार्य आहे. क्वायर मागं गुणगुणत राहिला, ऑर्गन चालू राहिला, आणि मी मंडळीकडे वळून पाहिलं. का पाहिलं? मला ठाऊक होतं म्हणून.

आर्नेटा उभी राहिली होती. रुमाल खांद्यावर घसरला होता. तिनं श्वास घेतला. तो मला चाळीस फुटांवरून दिसला.

आणि मी मूठ मिटली.

माझी मूठ मिटली की क्वायर थांबतो, हे तुम्ही एक्केचाळीस वर्षं पाहिलंत. तो थांबला. ऑर्गन थांबला. गाणं अर्ध्या कडव्यावर संपलं. लॉटी रडत होती, सगळे तिच्याकडे बघत होते, पाळक पुढच्या वचनासाठी उठले. मागं ती तशीच उभी होती, तोंड उघडं, ते मिटायचंही तिला सुचत नव्हतं. मग ती खाली बसली. आशीर्वादाच्या वेळी मी पाहिलं तर बाक रिकामं होतं.

ती पुन्हा आली नाही. कॅलिफोर्नियात कुठल्या कुठल्या हॉटेलांत गात होती, असं कानावर यायचं. १९७४च्या फेब्रुवारीत न्यूमोनियानं गेली. तिशीही पुरी झाली नव्हती. युनिसला तिला इथं आणायचं होतं, पण आर्नेटानं मैत्रिणीला सांगून ठेवलं होतं, मला त्या चर्चमध्ये नेऊ नका. तेव्हा आई बसनं तीन दिवस प्रवास करून गेली, अनोळखी माणसांत लेकीला पुरलं आणि बसनं परत आली. मी तिच्याकडे कोंबडीचं कालवण घेऊन गेले. तिनं भांडं घासून परत दिलं. पुढच्या रविवारी ती अल्टोच्या रांगेत होती.

त्या मुठीमागचं कारण कुणालाच ठाऊक नाही, असं मी एकोणीस वर्षं समजत होते. गेल्या शुक्रवारी मात्र वाटलं, या समारंभात हार घालून घेण्याआधी निदान युनिसला तरी सांगावं. गेले. ती स्वयंपाकघरात घेवडा मोडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

मग ती म्हणाली, "सिस्टर गॅडिस, प्रार्थनेत माझेही डोळे उघडे होते. लेक दारातून आत आली की आईला कळतं."

मी खुर्ची ओढली.

"अल्टोच्या रांगेतून ते बाक समोर दिसतं," ती म्हणाली. "ती उभी राहिलेली मी पाहिली. तुमचा हातही पाहिला. तुमची मूठ मिटली आणि माझं तोंड मिटलं. मी तिची आई. मला तुमच्या हाताशी काय करायचं होतं? मी एकटी गात राहिले असते, तर तिला धरायला एक सूर राहिला असता."

मी म्हटलं, तो दोष तुझा नाही, युनिस. तेव्हा तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "माझा किती आणि तुमचा किती हे मला तुमच्याकडून ऐकायचं नाही."

शेवटी मी तिला विचारलं, एवढं सगळं पाहून एकोणीस वर्षं तू माझ्यासमोर उभी कशी राहिलीस?

ती म्हणाली, "मी देवासमोर उभी होते. तुम्ही मध्ये होता."

मी तिला आजचं आमंत्रण दिलं. ती म्हणाली, टाळ्या वाजवणं मला जमायचं नाही, मी येणार नाही. पण सांगणार असाल तर सगळं सांगा, माझा भाग गाळू नका. म्हणून मी तो सांगितला. तिच्या सांगण्यावरून सांगितला. उद्या तिच्याकडे बघताना कुणी हे विसरू नये.

आता सचिवांना एक विनंती. तुम्ही छापलेल्या स्मरणिकेत एकट्यानं गाणाऱ्यांची यादी आहे. ती मीच तुम्हाला लिहून दिली होती, त्यामुळे चूक तुमची नाही. त्यात शाईनं एक नाव घाला. आर्नेटा प्रुइट, १९५३ ते १९६३. प्रत्येक प्रतीत घाला. जागा नसेल तर माझा फोटो जरा जास्तच मोठा आहे, त्याच्यावर लिहा.

संयोजन समितीचे आभार. माझी बोटं आखडल्यावर दोन वर्षं माझी पानं उलटणाऱ्या ब्रदर टिब्जचे आभार. गरमागरम पीच कॉब्लर भाजून आणणाऱ्या भगिनींचे आभार. माझ्यामुळे ते गार झालं. नव्या क्वायरमास्तरांना माझे आशीर्वाद.

बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर एका म्हाताऱ्या बाईचं बोलणं म्हणून पदरात घ्या. या सभेकडे मी एवढीच क्षमा मागते. दुसरी मागायला मला उद्या उपासनेनंतर पुन्हा युनिसच्या दारात जायचं आहे. शुक्रवारी ती मागायचं मला सुचलंच नाही. उद्या ती दार उघडेल की नाही, मला माहीत नाही.