लांब शब्दाचं शेपूट

माननीय अध्यक्ष आणि आपल्या इस्पितळाचे संचालक श्री. कुल्पा, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या वाचा-उपचारतज्ज्ञ बोगुमिलाबाई शेलाँग, आणि समोर बसलेल्या, बोलू शकणाऱ्या व न शकणाऱ्या मित्रहो,

उभा जन्म मी लुब्लिनच्या रेडिओवर बातम्या वाचल्या. मग मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि एका सकाळी बायकोकडे चहा मागायला गेलो, तर तोंडातून नुसता फुत्कार! त्यानंतर जो तो माझ्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलू लागला. बोगुमिलाबाईंनी मात्र पहिल्याच भेटीत आपल्या पोलिश भाषेतलं एक अजस्र विशेषण माझ्यापुढे आदळलं. नाय-न्ये-बेस-प्येच-न्येय-शी. सर्वांत धोकादायक. मी हातानंच विचारलं, हे?

"हेच. पण शेपटाकडून, लुडोमिरराव! आपल्याकडे जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. तो एकदा पकडा, मग पुढे डबे जोडत जाऊ."

'शी' आलं. मग 'न्येय-शी'. मग अडलो. संतापून शिव्या हासडल्या, आणि त्या मात्र खणखणीत आल्या. बाई म्हणाल्या, "वा! शिवीतला जोर अगदी जागच्या जागी आहे. तोच इकडे आणा की."

अख्खा शब्द आला त्या दिवशी बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणाल्या, "आता घरी जा आणि बायकोशी मनसोक्त भांडा." अध्यक्षमहोदय, याहून मोठा उपकार कोणता?

पण आजचा निरोप वयोमानाचा नाही, हे इथे कोणाला ठाऊक नाही? बाई थकलेल्या नाहीत. त्यांचा विभागच बंद होतो आहे. फुलं छान आहेत, केकही छान आहे.

गेल्या आठवड्यात संचालकसाहेब रुग्णांना हे सांगायला स्वतः आले. "घाबरू नका," ते म्हणाले, "धडे घरबसल्या पडद्यावर मिळतील. तुम्ही सगळे अगदी बेस्प्येच्नी आहात." म्हणजे सुरक्षित. तेव्हा तेओदोझ्याबाई व्रोना उठल्या. ट्रॉलीबस चालवायच्या त्या; झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता. खुर्ची धरून त्या म्हणाल्या, "बेस... प्येची."

साहेबांना वाटलं, शब्द अर्ध्यात अडकला. त्यांनी मायेनं खांदा थोपटला आणि स्वतःच पुरा केला. "प्येच्नी, प्येच्नी! शाब्बास!"

साहेब, शब्द अडकला नव्हता. आपल्या पूर्वजांनी 'बेस' म्हणजे विना आणि 'प्येची' म्हणजे काळजी, या दोन तुकड्यांतून 'सुरक्षित' हा शब्द घडवला. तेओदोझ्याबाईंनी तो पुन्हा सुटा केला. 'बेस प्येची', देखभालीविना. आम्हाला कोणी वाली नाही, एवढंच त्या म्हणाल्या. तुम्ही शाबासकी देऊन निघून गेलात. बोगुमिलाबाई तिथेच तोंड झाकून रडल्या. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

बाई, तुमचे आभार मानायला माझे शब्द अपुरे आहेत, आणि हे मी अलंकार म्हणून बोलत नाही. सभाजनहो, ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलताना कुठे अक्षर घसरलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर क्षमा असावी. सुधारून घेतलं असतं. पण येत्या सोमवारपासून बाईंची उपचारांची खोली कुलूपबंद आहे.