पुलापासून ढकलायच्या बुलेटी

घाटनांदूरच्या पेट्रोल पंपावर राधाकिशन गुरुजींच्या स्कूटीपुढं नटवलेल्या दहा बुलेटी उभ्या होत्या. मागच्या सीटवर खेळण्यांची पोती. गुरुजींना घाई होती, पण कानांना नव्हती.

"युवराज, बंद कर बे गाडी! बोललेलं ऐकू येईना."

"आवाजासाठीच तर चार महिने सायलेन्सर बनवलाय, अमरदादा."

"म्हनून सांगतो. ऊसतोडीच्या टोळीवर गाडी चालू न्यायची न्हाई. पुलापासून ढकलायची."

"दीड किलोमीटर?"

"मागच्या साली काय झालतं? आवाजानं बैल उधळले, लेकरं उसात पळाले. एकबी बाहेर आलं न्हाई. खेळणी त्यांच्या कोप्यांपुढं, पाचटाच्या झोपड्यांपुढं ठेवून आपन माघारी."

"पन ढकलत गेल्यावर शान काय राहील आपली?"

"लेकरं थांबले तर लई राहील."

गुरुजींनी हॉर्नवरचं बोट काढून घेतलं. युवराजनं मागच्या पोत्याची गाठ चाचपली.

"दादा, बाहुल्यांचं पोतं माझ्याच गाडीवर हाय. ढकलताना सांडंल का?"

"आवळून बांध."

तेवढ्यात पंपवाल्यानं नळी उचलली. "टाकी फुल करू?"

"न्हाई भाऊ," युवराज म्हणाला. "दोनच लिटर टाक. ढकलायला हलकी पाहिजे."