सासूबाईंची गोगलगाय

…नाही, चूक माझीच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण तुम्हीच सांगा, शंख एकच असला तर माणसानं करायचं काय? एकवीस वर्षं मी संग्रहालयात शंखांची कपाटं सांभाळतोय, दुसऱ्यांनी शोधलेल्या गोगलगायींच्या चिठ्ठ्या लिहून लिहून बोटं झिजली, आपली म्हणावी अशी एक गोगलगाय नाही, आणि एके दिवशी सासूबाईंच्या बटणांच्या डब्यात… शर्टाचं बटण तुटलं होतं हो, ते शोधत होतो… तर तळाशी हा शंख! करंगळीच्या नखाएवढा, आणि तोंडाचा खालचा ओठ असा चपटा, कानशीनं घासल्यासारखा. तुम्हाला सांगतो, तीन आठवडे पुस्तकं उपसली, असा ओठ कुठेही नाही. म्हटलं, "आई, हा कुठे मिळाला?" "किनाऱ्यावर. पाय मोकळे करायला गेले होते तेव्हा." "आणखी होते?" "असतील. मी काय मोजत बसले होते?" झालं. शंख एकच.

आता नियम असा, की नवी प्रजाती म्हणायची तर तो शंख संग्रहालयात जमा करावा लागतो, कायमचा. सासूबाईंनी डबा मांडीवर ओढला. "जावईबापू, शंख माझा, तर नावही माझं." दिलं! ज्याला सापडली त्याचं नाव देतातच की. आणि शंख एकच, करता काय?

मग वर्णन लिहायला बसलो. वर्णन म्हणजे काय, सुतार टेबलाचं माप घेतो तसं, त्यात कौतुक नसतं. सासूबाई चष्मा लावून शेजारी. "वाचा." मी वाचलं, "ठेंगणी, फुगीर, टोक बोथट, तोंड अंगाच्या मानानं फार मोठं आणि…" "आणि काय?" "…आणि कायम उघडं." स्वयंपाकघरात हसू दाबता दाबता बायकोच्या हातून भांडं पडलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ठेंगणी खोडा. सुबक लिहा." आता सुबक म्हणजे किती मिलिमीटर, मला सांगा! शेवटी 'आटोपशीर'वर तडजोड झाली. आजही तसंच छापलेलं आहे, आटोपशीर.

छापून आलं, सासूबाईंनी ते सगळ्या मजल्यांवर फिरवलं. आणि आमच्यात पद्धत अशी, की गोगलगायीच्या नावापुढे ती नवी म्हणून जाहीर करणाऱ्याचं आडनाव लागतं. म्हणजे सासूबाईंचं नाव, पुढे माझं आडनाव! बायको तो कागद घेऊन माझ्यासमोर आली. "अहो, इतक्या वर्षांत माझ्या ओळखपत्रावर तुमचं आडनाव चढवायला तुम्हाला सवड झाली नाही, आणि आईला लावून मोकळे झालात?"

ते निस्तरतोय तोवर आमच्या विषयातल्या एका म्हाताऱ्या तज्ज्ञांचं पत्र. "आपली गोगलगाय नवी नाही. किनाऱ्यावर पैशाला पासरी मिळणारी आहे. ती मेल्यावर रिकाम्या शंखात एका खेकड्यानं बिऱ्हाड केलं, त्याच्या ये-जा करण्यानं ओठ घासून चपटा झाला." म्हणजे बघा, भाडेकरूनं झिजवलेला उंबरठा पाहून मी घरमालकाचं घराणंच नवं ठरवलं! दहा शंख असते तर तेव्हाच कळलं असतं हो… पण शंख एकच!

तीन दिवस मी ते पत्र खिशात घेऊन फिरलो. माझ्या फजितीचं सोडा, पण सासूबाईंनी स्वतःचं नाव आयुष्यात कशावर पाहिलं नव्हतं. दारावरच्या पाटीवरसुद्धा सासऱ्यांचंच. त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? चौथ्या दिवशी सांगितलं.

"मग माझं नाव खोडणार?"

"नाही, आई. एकदा छापलेलं नाव पुसता येत नाही. त्या साध्या गोगलगायीच्या नावाखाली कायम राहणार. चूक म्हणून."

"चूक कुणाची?"

"माझी."

"तसं लिहिलेलं असेल?"

"शेजारीच. आडनावासकट."

सासूबाईंनी चष्मा पुसला, परत लावला. "मग बिघडलं कुठे?"

तेव्हापासून रोज सकाळी किनाऱ्यावर जातात, पिशवी घेऊन. काल ती माझ्या टेबलावर उपडी केली. "घ्या, जावईबापू. तुमच्या सासऱ्यांचं नाव राहिलंय, माझ्या दोघी बहिणींचं राहिलंय, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना मी शब्द दिलाय."

तुम्हाला सांगतो… शंख एकच होता, तेच बरं होतं.